खेकड्यांची चड्डी आणि सात लाल

पूलच्या टेबलावर आपले सातच्या सात लाल बॉल अजून तसेच आहेत, हे एल्डनने चौथ्यांदा मोजून पाहिलं. मोजून ते कमी होत नव्हते.

समोर त्याच्या मैत्रिणीचे, हेझलचे, वडील क्लिफर्ड काठीच्या टोकाला खडू लावत होते. त्यांचे दोनच पिवळे उरले होते, मग काळा. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या त्या पबात रविवारचं जेवायला आलेली माणसं ताटं घेऊनच टेबलापाशी सरकली होती, कारण काउंटरमागच्या मॅव्हिसने कायदा सांगितला होता.

"एकही पॉकेटमध्ये न घालता हरलास ना अमेरिका, तर पँट खाली आणि टेबलाभोवती एक फेरी. आमच्या पाद्रीबाबांनीसुद्धा मारलीय."

"आमच्याकडे असं नसतं," एल्डन म्हणाला.

"तुमची टेबलं शेताएवढी. फेरी मारेस्तोवर माणूस म्हातारा व्हायचा."

सगळे हसले. एल्डनही हसला, आणि त्याने पट्टा एक भोक घट्ट केला.

भीती फेरीची नव्हती, पँटखाली जे होतं त्याची होती. विमान कंपनीने त्याची बॅग तिसऱ्याच देशात धाडली होती, म्हणून सकाळी त्याने हेझलच्या घरामागच्या दोरीवरची एक चड्डी गुपचूप उचलली. फिकट निळी, वर लाल खेकडे. नाश्त्याच्या वेळी क्लिफर्ड अख्खं घर उलथंपालथं करत होते. ती चड्डी घातली की ते हरत नसत, अकरा वर्षं. "ज्याने नेली त्याच्या तंगड्या तोडतो," असं त्यांनी ताटातल्या बेकनकडे बघून सांगितलं. एल्डन बेकनच्या शेजारीच बसला होता. आणि हेझलशी लग्न करू का, हे त्याला याच माणसाला आजच विचारायचं होतं.

क्लिफर्डनी मारलेला पांढरा बॉल पिवळ्याऐवजी चुकून लालवर आदळला. फाउल. एल्डनच्या जिवात जीव आला. अमेरिकेत फाउलनंतर पांढरा हवा तिथे ठेवता येतो; त्या सवयीने त्याने तो उचलला आणि सोयीची जागा शोधू लागला.

पबात कुणाचा तरी काटा ताटात पडला.

"हातात घेतला," एक म्हातारा हळूच म्हणाला. "त्याने तो हातात घेतला."

"इथे आहे तिथूनच मारतात, पोरा," क्लिफर्ड म्हणाले. "तुला दोन फटके होते. आता ते मला."

त्यांनी दोन्ही पिवळे घातले. काळा मात्र पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला.

आता शेवटचा फटका. एल्डनच्या पाठीवरून घाम उतरून थेट खेकड्यांपर्यंत पोचला. "लाल, डावा कोपरा," तो पुटपुटला.

"सांगतोस कुणाला? मार की," मॅव्हिस म्हणाली.

त्याने मारला. लाल तीन कडांना थडकला आणि कोपऱ्याकडे पाठ फिरवून मधल्या पॉकेटमध्ये निमूट उतरला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तो वाचला होता.

"नाही," एल्डन म्हणाला. "मी कोपरा सांगितला होता. हा धरायचा नाही."

अमेरिकेत, डलूथच्या बारमध्ये, आधी सांगितलेल्याच पॉकेटमध्ये गेलेला बॉल धरत; पंधरा वर्षं तिथे हेच म्हणून म्हणून जीभ तयार झाली होती. ती त्याला न विचारताच बोलली.

"इथे गेला तो गेला रे," म्हातारा म्हणाला.

"पोरगा नाही म्हणतोय तर नाही," क्लिफर्ड म्हणाले. त्यांनी लाल काढून टेबलावर ठेवला, काळा घातला आणि काठी भिंतीला टेकवली. "चला जावईबापू. पट्टा."

पट्टा सुटायला फार वेळ लागला. पँट खाली गेली. जेवणाऱ्यांत उभ्या असलेल्या हेझलने ताटातलं वाटीएवढं यॉर्कशायर पुडिंग तोंडासमोर धरलं.

क्लिफर्ड खेकडे बघत राहिले. एल्डनने स्वतःच्या तंगड्यांचा मनातल्या मनात निरोप घेतला.

"खेळ सुरू झाल्यापासून ही तुझ्या अंगात होती?"

"हो."

"आणि तरी तू सातने हरलास."

"हो."

क्लिफर्ड स्टुलावर बसले. "म्हणजे अकरा वर्षं मीच जिंकत होतो," ते म्हणाले. हे त्यांना फारसं आवडलेलं दिसलं नाही. "फेरी मार. पळू नकोस, इलॅस्टिक माझ्याच वयाचं आहे."

दोन्ही मुठींत चड्डी घट्ट धरून एल्डन निघाला. दुसऱ्या कोपऱ्यावर त्याला वाटलं, आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही.

"मी हेझलशी लग्न करू का?"

"आधी हात आहेत तिथेच ठेव," क्लिफर्ड म्हणाले. "बाकीचं फेरी झाल्यावर बोलू."