दानम्मा पडली न्हाई

कोन म्हनलं तुमाला, दानम्माला पडता येत न्हवतं म्हनून? मुडदा बशिवला त्या सांगनाऱ्याचा! नाटकातल्या बाईला पडता येत न्हाई व्हय? लहानपनी चिंचेवरून पडली, हिरीच्या पायरीवरून पडली, आन् दर बारीला गंगीनं ढकललं म्हनून माज्यावर आळ घेतला. येत न्हाई आन् करायचं न्हाई, ह्यात लई फरक हाय. मी तिची सख्खी बहीन, गंगासागर, गावातच दिलेली. मला न्हाई ठावं तर कुनाला ठावं असनार?

आमचं दुकान शिरूर कासारला. तवा निजामाचं राज्य, मोगलाई म्हनायचो आमी. आमचे वडील भीमाशंकर, त्यांना आमी अप्पा म्हनायचो. तेल, गूळ, खोबरं इकायचे. आमी लिंगायत. आमच्यात लेकरू जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, ते मरेस्तोवर काढायचं न्हाई. आन् मेल्यावर आमी मानसाला जाळत न्हाई, आडवंबी निजवत न्हाई. मांडी घालून बसवतो, कपाळाला इबूत लावतो, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठिवतो आन् तसंच मातीत बसवतो. आमच्या घरात कुनी गेलं की 'त्याला बसवलं' म्हनायचे.

दानम्माचं लगीन झालं आन् सालभरात नवरा तापानं गेला. घरी परत आली ती दुकानावर बसाय लागली. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्याची नक्कल करायची. आमच्या अव्वाला, म्हंजी आईला, हसू आवरायचं न्हाई. अप्पा डोळे वटारायचे आन् सोता मिशीत हसायचे.

एका साली मुक्ताबाईची नाटक कंपनी गावात आली. समद्या बायकाच, राजाचं कामबी बाईच करायची. तोंडाचा रंग काढायला खोबरेल लागायचं, म्हनून मुक्ताबाई दुकानावर आली. दानम्मानं तेल मापता मापता तिचीच नक्कल केली, तिच्या तोंडावर! मला वाटलं आता ही बाई घालतीय शिव्या. तर ती हसून हसून खाली बसली. म्हनली, "येतीस का कंपनीत?" जसं काय बाजारला चल म्हनावं.

"येते," दानम्मा म्हनली.

अप्पा आतून आले. तोंड लाल. "उंबरा वलांडलास तर तू मला मेलीस."

"मातीत बसवलंय का मला, अप्पा? बसवाल तवा मेले म्हना. तवर मी चालती हाय." आन् चालायला लागली बी. अशी ती. एक लुगडं घिऊन गेली. अव्वा दारापातुर गेली आन् अप्पाच्या धाकानं तिथंच थांबली.

कंपनी बीडला असताना अप्पानं आमचा भाऊ मन्मथ आन् गावच्या मठपती स्वामींना धाडलं. निरोप काय, तर तोंडाला रंग फासनारीच्या गळ्यात लिंग नको, ते परत द्यावं. दानम्मा आर्धा गाल रंगवून बसलती. रंगाचा हात तिनं पुसला, लिंग चोळीच्या आत सारलं आन् म्हनली, "जन्मले तवा बांधलं, मातीत बसताना संगं येईल. मदी कुनी हात लावला तर हात मोडीन." मन्मथ घरी येऊन हे सांगत होता तवा अप्पा गुळाची भेली फोडत होते. फोडतच ऱ्हाले. 

पुढं ती लातूर, सोलापूर, हैदराबाद कुठं कुठं फिरली. आदी दासी, मंग सखी, मंग रानी. एका नाटकात रानी वीख पिऊन मरती. मुक्ताबाई म्हनली, "पेला टाक आन् धाडदिशी पड." दानम्मा म्हनली, "मी मेलेली पडनार न्हाई, बसनार." "अगं, लोकांला मेलेली कळायची न्हाईस!" "कळवते." पहिल्या खेळाला लोकांनी शिट्ट्या मारल्या. दानम्मा हालली न्हाई. मांडी घालून, मान ताठ, डोळे मिटून बसली ती बसलीच. शिट्ट्या हळूहळू बंद झाल्या. मंग कुनीतरी हुंदका दिला, तसा समदा मांडव रडाय लागला. तवापून लोकं खेळाचं नावच सांगत न्हवते, बसून मरनारी रानी बघाय चाललो म्हनायचे.

हे आमाला उडत उडत कळायचं. हैदराबादहून कापडवाला आला की अव्वा त्याला पानी द्यायच्या निमतानं बाहीर यायची आन् अप्पा आत गेले का बघून हळूच इचारायची, "कशी हाय वो?"

मंग ती मुंबईला मुक्या शिनेमात गेली. तिथंबी तेच! तो चित्र काढनारा वरडतोय, "पड, पड!" आन् ही म्हनती, "पडत न्हाई. दुसरी बघा." दुसरी बघितली त्यांनी. ती जवारीचं पोतं पडावं तशी पडली, समदे हसाय लागले. पुन्ना दानम्माला बलावनं. ती गेली आन् आदी कबूल करून घेतलं, मी माज्या रीतीनं मरनार. गळ्यातलं लिंगबी झाकनार न्हाई. तिच्या मनात एकच व्हतं. अप्पानं एक दिस तरी म्हनावं, आमची दानम्मा हाय ही. काम सोडून न्हाई, काम करताना म्हनावं. हे तिनं मला मागनं सांगितलं, आन् सांगताना रडली.

आता खरं ऐका. कार्तिकातली कपिलधारची जत्रा. आमी समदे दर साली जायचो. त्या साली तिथं शिनेमाचा तंबू आलता. बबनराव म्हनून त्याचा मालक, हलगी वाजवून वरडतोय, "आपल्या मुलखाची दानम्माबाई! चालती-बोलती तसबीर!" बोलत तर न्हवतीच ती, पन त्याला काय. अव्वानं ऐकलं आन् जाग्यावर थिजली. अप्पा मठात स्वामींसंगं बसलते. जलमात कधी नवऱ्याला न इचारता पानी न पिलेली ती बाई मला म्हनली, "चल गं गंगे. मी जानार."

बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. अंधार झाला आन् पडद्यावर उजेड पडला. लढाई चाललती, शिपाई धडाधड पडत व्हते. अव्वा म्हनली, "सोंगं हायेत गं, बघ, त्यो एक पडून पापन्या हालवतोय." हुशार व्हती अव्वा. मंग रानी आली. अव्वानं माजा हात असा आवळला की बांगडी पिचली. "वाळली गं. जेवत न्हाई वाटतं." बबनराव काठी दाखवून गोष्ट सांगत व्हता, ते काय आमाला ऐकू येत न्हवतं. आमी तिचं नाक बघत व्हतो, हात बघत व्हतो.

रानी वीख पेली. मांडी घालून बसली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. अव्वा आनंदानं वरडली, "पूजा करतीय बघ! सोडली न्हाई गं तिनं!" आमच्यात रोजची पूजा तशीच करतात, तळहातावर लिंग घिऊन त्याच्याकडं बघत बसायचं. पन पूजेत डोळे उघडे असतात. दानम्मानं डोळे मिटले. मान भिंतीला टेकली. दासी आल्या, त्यांनी तिच्या कपाळाला इबूत लावली, गळ्यात हार घातला. हात मांडीवर, हातात लिंग, तसाच.

अव्वा उठून उभी ऱ्हायली. "बसवलं गं माज्या लेकीला!"

हसू नका. मला बी तेच वाटलं. पडनं हे सोंग असतं, ते आमाला कळत व्हतं. पन अशी बसवल्याली मानसं आमी सोंगात कधी बघितलीच न्हवती. आमी बघितलती ती आजी, चुलता, माजं पहिलं लेकरू. आमाला वाटलं, ही मेली आन् मेल्यावर तिची तसबीर काढली. आजूबाजूच्या बायका शेंगदाने खात डोळे पुसत व्हत्या, आन् आमच्या दहा-बारा जनी मातर ऊर बडवाय लागल्या. बबनराव बिचारा मशीन थांबवून आला. "अहो बाई जित्ती हाय! सोंग हाय!" त्याचं कोन ऐकतंय? त्याचं पोट त्या सोंगावर, त्यो खरं कावून सांगंल, असं आमाला वाटलं.

अप्पाला कुनीतरी सांगितलं. पागोटं हातात घिऊन पळत आले. बबनरावला म्हनले, "फिरीव पुन्ना." त्यानं फिरवलं. अप्पा उभ्यानं बघत व्हते. डोळे मिटले तिनं, तसे अप्पा खाली बसले. मला वाटलं आता काय बोलतेत. तर लेकरावानी रडाय लागले. "कुन्या गावात बसवलं तिला? माज्या लेकीला माती द्यायला मी न्हवतो!"

अव्वा त्यांच्याकडं वळली. मला तिची भीती वाटली. "तुमीच म्हनलता न्हवं, मेलीस म्हनून? घ्या आता."

घरी आलो. दुकान उघडलं न्हाई. अप्पा जेवंनात. मन्मथाला त्यांनी मुंबईला धाडलं. "कुठं बसवलं ते हुडक. तिच्यावरची मूठभर माती आन. ती तरी माज्या हातात पडू दे." मन्मथ गेला. हिकडं माती यायची वाट बघत रोज मानसं यायची, बसायची, जायची. मठपती स्वामीबी यायचे. आता मेल्यावर तिच्या लिंगाचं कुनी काय काढत न्हवतं.

आन् एक दिस दुपारी दारात बैलगाडी थांबली. मन्मथ उतरला. खाली मान घालून म्हनला, "अप्पा, माती न्हाई मिळाली."

त्याच्यामागं दानम्मा उतरली. "कावून न्हाई? ही हाय न्हवं पायावर, नगरपून आनलीया. घ्या."

अंगनातल्या बायका किंचाळून मागं सरल्या. एक तर खांबाला धडकली. अव्वा तेवढी पुढं गेली. दानम्माचा दंड दाबून बघितला, चिमटा काढला, आन् मंग फाडदिशी थोबाडीत दिली. "मला न इचारता मरतीस व्हय गं सटवे!" आन् दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की बैल बिचकले.

अप्पा उंबऱ्याच्या आत उभे व्हते. ती जित्ती दिसली, तसे त्यांनी डोळे पुसले, पागोटं नीट केलं.  मला ती रीत ठावी व्हती, पागोटं नीट झालं की ते कुनाचं ऐकायचे न्हाईत. मठपती स्वामी म्हनलेच, "भीमाशंकरअप्पा, बरं झालं, पन आदी इचारा. काम सोडती का? लिंगाचं सोंग केलंय तिनं."

दानम्मानं अव्वाला बाजूला सारलं. गाडीवाल्याला म्हनली, "बैल सोडू नको." मंग अप्पाकडं बघून बोलली. "सोंग म्हना न्हाईतर काय म्हना. मला हज्जार बारी पड म्हनले, मी पडले न्हाई. माज्या घरात मेलेलं मानूस जसं बसतं, तशी बसले. तुमी मला घरातून काढलं, मी घर सोडलं न्हाई. काम सोडनार न्हाई, अप्पा. मेली म्हनून रडलात, मन्मथानं सांगितलं. पन मेलेली मी आलेच न्हाई. जित्ती घेत असाल, हाय अशी, तर म्होरल्या दारानं आत येते. न्हाईतर गाडी उभी हाय."

 अप्पा वळले आन् आत निघून गेले. अव्वानं तोंडात पदर घातला. दानम्मा गाडीच्या चाकाला हात लावून उभी ऱ्हायली. त्या वक्ताला पैल्यांदा मला वाटलं, ही आता पडती.

अप्पा बाहीर आले. हातात पान्याचा तांब्या व्हता. आमच्याकडं लेक माहेराला आली की पायावर पानी घालतात, ते बाईमानसाचं काम. अप्पा वाकले आन् सोताच्या हातानं तिच्या पायावर पानी घातलं. नगरची माती अंगनात वाहून गेली. तसंच वाकल्या वाकल्या गाडीवाल्यावर खेकसले, "बैल सोड बे! बघतोस काय?"

स्वामी म्हनले, "आन् कामाचं?"

"मी तिला मेलेली बघितलीया, स्वामी," अप्पा म्हनले. "एकदा मीच मेली म्हनलो, एकदा पडद्यावर बघितली. आता मला कशीबी चालती."

दानम्मा म्होरल्या दारानं आत गेली. म्या भाकर वाढली. तीन खाल्ल्या तिनं, आन् अव्वा म्हनली, आजून एक घे.

फुडल्या साली कपिलधारला त्योच तंबू, त्योच खेळ. अव्वा समद्यांच्या म्होरं जाऊन बसली, आन् पुरुषांच्या अंगाला अप्पा. पडद्यावर दानम्मानं डोळे मिटले, इबूत लागली, बायका मुसमुसाय लागल्या. अव्वा उठली, मागं वळली आन् भर तंबूत वरडली, "गप ऱ्हावा गं! काय झालं न्हाई तिला! दिवाळीला घरी व्हती, भाकर खाऊन गेलीया!"

बबनराव हात जोडून आला. "आजीबाई, खेळाचा इचका करू नका."

तर पलीकडून अंधारातनं अप्पाचा आवाज आला. "बोलू दे तिला. आमची दानम्मा हाय ती."