कार्सन सिटीची दोन अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा डॉलर आहे. अमेरिकेत जन्मलो, जर्मनीत म्हातारा झालो, आणि ज्या घरात माझे सर्वांत जास्त कौतुक झाले, त्या घरात मराठी बोलली जाते. कौतुकाने कुणी थकत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मी थकलो. का थकलो, ते सांगतो.

माझा जन्म १८८९ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत झाला. चांदीची गोल चकती दोन ठशांमध्ये धरली, दणका बसला, आणि माझ्या एका अंगावर स्वातंत्र्यदेवीचा चेहरा उमटला, दुसऱ्या अंगावर पंख पसरलेला गरुड. त्या वर्षी माझ्यासारखे इतके डॉलर पडले, की आम्हाला खर्चायला माणसे पुरेनात. मग जाड कापडी पिशव्यांत भरून आम्हाला तळघरात टाकले. माझे तारुण्य तिथेच अंधारात गेले. कुणी त्रास दिला नाही, कुणी विचारलेही नाही.

त्याच वर्षी दूर पश्चिमेला, चांदीच्या खाणींजवळच्या कार्सन सिटी या गावीही टांकसाळ चालू होती. तिथे त्या मानाने फारच थोडे डॉलर पडले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांच्या पाठीवर, गरुडाखाली, 'सीसी' अशी दोन बारीक अक्षरे होती. माझी ती जागा कोरी होती. पुढे नाणी जमवणाऱ्यांचे जग वाढले, आणि त्या दोन अक्षरांसाठी माणसे वेडी होऊ लागली.

तळघरातून बाहेर आल्यावर मी एका माणसाच्या हाती लागलो. त्याचा हात कुशल होता, नियत मात्र खोटी. त्याने कार्सन सिटीच्याच एका झिजलेल्या, स्वस्त नाण्यावरची दोन अक्षरे कापून काढली आणि माझ्या पाठीवर अलगद बसवली. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. त्या दिवसापासून मी दुसऱ्याचे नाव लावून फिरतो आहे.

एका भोळ्या अमेरिकन सैनिकाने मला विकत घेतले आणि जर्मनीतल्या छावणीत आणले. १९७१ साली माइन्झच्या नाणेबाजारात त्याच्याकडून मला घेतले ते यशवंतराव सोनटक्के यांनी. यशवंतराव मूळचे नागपूरचे, र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. लोखंडातली केसाएवढी चीर त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे. माझ्या पाठीवरचा सांधा मात्र भिंगातूनही दिसला नाही. ज्याच्यावर जीव जडतो, त्याला माणूस बघत राहतो, तपासत नाही.

त्या उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको मनोरमाबाई भारतात जाणार होते. मनोरमाबाईंच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. विमानाच्या तिकिटांसाठी साठवलेले पैसे माझ्यात गेले आणि जाणे राहिले. "असं नाणं पुन्हा मिळायचं नाही गं," यशवंतराव म्हणाले. मनोरमाबाईंनी बहिणीला पत्र लिहायला घेतले.

मग सुरू झाले माझे वैभवाचे दिवस. रविवारी आजूबाजूच्या गावांतली मराठी मंडळी घरी येत. दारात जय भीम होई, चहा होई, आणि यशवंतराव मला मखमलीवर ठेवून बाहेर आणत. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात गप्प असलेला तो माणूस मला हातात घेतले की खुलायचा. खाणी, डोंगर, ओसाड गावातली टांकसाळ, सगळे डोळ्यांपुढे उभे करायचा. पाहुणे मला उलटे करून ती अक्षरे बघत आणि "वा!" म्हणत. ती वाहवा माझी नव्हती. मी मुकाट्याने ती घेत राहिलो.

पुढे यशवंतरावांचा पन्नासावा वाढदिवस आला. मला एक छानशी डबी करून घ्यावी म्हणून मनोरमाबाई मला गुपचूप पर्समध्ये घालून वीसबाडेनला एका नाणेवाल्याकडे घेऊन गेल्या. त्याने माप घेता घेता मला दिव्याखाली तिरके धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग हळूच म्हणाला, "बाईसाहेब, ही अक्षरं नंतर बसवलेली आहेत."

मनोरमाबाईंनी त्याला दोनदा विचारले. त्याने दोनदा तेच सांगितले. त्या दुकानातल्या खुर्चीवर बसल्या, पर्सचा बंद नुसता पिळत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "डबी करा. चांगली करा."

वाढदिवसाला यशवंतरावांनी डबी बघितली आणि त्यांना गहिवरून आले. पुढचा रविवार आला. मंडळी जमली. यशवंतराव कार्सन सिटीची गोष्ट सांगू लागले, तेव्हा चहा गाळणारा मनोरमाबाईंचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. असे कितीतरी रविवार गेले.

२००७ साल उजाडले. यशवंतराव निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दोघांच्याही गुडघ्यांनी हात टेकलेले. मुलगी क्षमा बॉनला असायची. तिने हट्टच धरला, "पापा, आता बस झालं. इकडे माझ्याजवळ या." तिने शोधलेली वोनुंग, म्हणजे भाड्याची सदनिका, लहान होती. निम्मे सामान काढायचे ठरले आणि नाण्यांचाही विषय निघाला. "कुणाला तरी कदर असेल त्याला देऊ," यशवंतराव म्हणाले. ते म्हणताना त्यांचा आवाज फार दमलेला होता.

कदर असलेला माणूस लगेच मिळाला. चारुदत्त नावाचा पुण्याचा तरुण फ्रँकफर्टला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याला अमेरिकन नाण्यांचे भारी वेड. "काका, म्हणाल ती किंमत देतो," तो फोनवर म्हणाला. पण यशवंतराव चोख माणूस. "आल्झो, हे बघ, आधी तज्ज्ञाकडून लेखी गुटआख्टन घेतो. मग तू निवांत घे," त्यांनी सांगितले. गुटआख्टन म्हणजे नाणे अस्सल की नकली याचा तज्ज्ञाने दिलेला निवाडा.

फ्राउ एबेलिंग नावाच्या तज्ज्ञ बाई फ्रँकफर्टला असत. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि यशवंतरावांना बोलावून आत बघायला सांगितले. अक्षरांच्या कडेने एक काळसर रेघ फिरली होती. आयुष्यभर लोखंडातल्या चिरा शोधलेल्या माणसाला आणखी काही सांगावे लागले नाही.

"नाणं खरं आहे," फ्राउ एबेलिंग म्हणाल्या, "फिलाडेल्फियाचं, साधं. खोटी आहेत ती अक्षरं."

घरी येताना गाडीत यशवंतरावांनी मला मुठीत धरले होते. एका स्टेशनावर उतरून ते बाकावर बसले आणि दोन गाड्या जाऊ दिल्या. "काय तोंडानं सांगू तिला?" ते पुटपुटले. "सख्ख्या बहिणीचं लग्न चुकलं तिचं."

दारात मनोरमाबाईंनी विचारले, "अहो, काय म्हणाल्या बाई?"

"उत्तम म्हणाल्या. एक नंबर."

मनोरमाबाईंना वाटले, त्या तज्ज्ञ बाईलाही कळले नाही. आता हा सरळ माणूस नकळत एका पोराला फसवणार.

मित्रांनो, त्या घरात दोघेही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. ती ठाऊक असलेला तिसरा मी, आणि मला तोंड नव्हते.

रविवारी चारुदत्त आणि त्याची बायको अरुंधती आली. चारुदत्तने मला हातात घेतले आणि उलटे करून आधी ती अक्षरे बघितली. "काका, कधी एकदा हे बघतो असं झालं होतं!"

"बाबा रे, एक सांगतो," यशवंतराव म्हणाले. "मी हे विकणार नाही."

"का? काका, आपलं ठरलं होतं ना? गुटआख्टन नीट आलं नाही का?"

"तसं नाही. नाही विकायचं, बस."

"काका, किंमत वाढवतो मी. पण नाही म्हणू नका."

यशवंतरावांनी मान खाली घातली. मनोरमाबाईंना वाटले, वाढलेल्या किमतीला हे आता हो म्हणणार. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला.

"घेऊ नकोस, बाळा," त्या म्हणाल्या. "ती अक्षरं खोटी आहेत."

यशवंतरावांनी हळूहळू मान वर केली.

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे?" मनोरमाबाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे?"

चारुदत्तचा चेहरा पार उतरला. त्याने मला डबीत ठेवले, चहा कसाबसा संपवला आणि ती दोघे निघाली. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज खाली गेला, तसे मनोरमाबाईंनी दार लावले.

"डबी करायला नेलं होतं, तेव्हाच कळलं," मनोरमाबाई म्हणाल्या.

"इतकी वर्षं! आणि बोलली नाहीस? लग्न चुकलं होतं तुझं, माझ्या हट्टापायी."

"चुकलं. वाईट वाटलं होतं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू?" त्या थांबल्या. "पण कारखान्यातून तुम्ही रोज मान खाली घालून यायचात. जेवायचात, झोपायचात. रविवारी ही गोष्ट सांगताना मात्र एक वेगळाच माणूस घरात असायचा. मला तो हवा होता. सांगितलं असतं, तर तो परत आला नसता."

यशवंतराव खुर्चीत मागे टेकले. "दमलो गं मी."

"मीपण दमले," त्या म्हणाल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. त्या दिवशी गार झालेला चहा दोघांनी तसाच प्यायला.

आता मी बॉनला असतो. कुणी मला बघायला मागितले, तर यशवंतराव सांगतात, "हा फिलाडेल्फियाचा. साधा आहे. अक्षरं कुणीतरी चिकटवलीत." पाहुणे थोडे हिरमुसतात आणि मला उलटे करून खाली ठेवतात. मनोरमाबाई मात्र परवा मला बराच वेळ हातात धरून होत्या. देवीच्या केसांत खोवलेल्या कणसांवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अहो, हिच्या केसांत गहू आहे, बघितलंत का कधी?"

यशवंतरावांनी चष्मा लावून बघितले. याआधी कधीच बघितले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने नाणे असेल. त्याला घासूनपुसून चकचकीत करू नका, त्याने आमचे अंग झिजते. आमच्यावर काही कोरू नका, चिकटवू नका. आम्ही दुर्मीळ नसलो तर नसलो. एकदा उजेडात नेऊन नीट बघा आणि आमचे खरे गाव विचारा. दुसऱ्याचे नाव वागवणे फार जड असते. मला ते चाळीसेक वर्षे वागवावे लागले, आणि माझ्यापायी एका चांगल्या बाईलाही.