अठरा पुरी व्हायच्या आत

मी मोरणी बोलतेय. नावावर जाऊ नका, मी टांग्याची घोडी. जन्म नवलाख उंबरे गावचा. लोणावळ्याच्या गफूरभाईंनी माझा जबडा उघडून दात पाहिले, "चार वर्षांची हाय," म्हणाले आणि मला घेऊन आले. घोड्याचं वय असं तोंडातच असतं. माणसांच्या वयाचा हिशेब मात्र मला पुढे फार दिवसांनी कळला.

मी आले त्याच साली गफूरभाईंच्या रशिदाचा निकाह झाला. ती सात वर्षांची होती. चौदाच्या आतल्या मुलींची लग्नं बंद करणारा सरकारी कायदा लागू व्हायचा होता, म्हणून मावळात जो तो घाईला आला होता. कुसगावचा फकरुद्दीन लाकडाच्या वखारीचा मालक. त्याचा मुलगा मकसूद नवरा ठरला. निकाहाच्या दिवशी रशिदा माझ्या पाठीवर बसायचा हट्ट धरून रडली आणि वऱ्हाडी हसले. मोठी झाली की पाठवणी करायची, असं ठरलं. ती पुन्हा गजगे खेळायला पळाली.

मी स्टेशनवरून तुंगार्लीच्या बंगल्यांपर्यंत सवाऱ्या ओढत राहिले. पोर वाढत राहिली.

तेरा-चौदाव्या वर्षी ती बदलली. चारा घालताना बडबडणारी रशिदा गप्प झाली. आज उगीच हसायची, उद्या माझ्या मानेत तोंड खुपसून रडायची. आरशात पाहायची आणि मग आरसाच पालथा घालायची. "अम्मा म्हणते तसंच का वागायचं?" हे मलाच विचारायची. घरच्यांना वाटलं, पोर बिघडली. मला वाटायचं, हिच्या आत एक नवं माणूस उभं राहतंय आणि नुकत्याच जन्मलेल्या शिंगरासारखं अजून लटपटतंय.

तिला सतरावं सरत आलं तेव्हा पुण्याचे एक वकील आमच्या टांग्यात बसले. बोलता बोलता म्हणाले, "नवा कायदा झालाय, गफूरभाई. बापानं पंधराच्या आत निकाह लावून दिला असेल आणि मुलगी नांदायला गेली नसेल, तर अठरा पुरी व्हायच्या आत तिला तो नाकारता येतो."

गफूरभाईंनी ही गंमत म्हणून घरी सांगितली. सगळे हसले. रशिदा हसली नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं, "मी कुसगावला जाणार नाही."

ही गोष्ट कुसगावला पोचायला वेळ लागला नाही. फकरुद्दीनची माणसं आमच्या गल्लीत येऊन उभी राहू लागली. बोलत काहीच नसत. नुसती उभी असत.

एका सकाळी गफूरभाई म्हणाले, "चल रशिदा, मावशीकडं जाऊन येऊ." मावशीच्या घरचा रस्ता मला पाठ होता. लगाम दुसरीकडे वळला.

"अब्बा, हा तो रस्ता नव्हे."

गफूरभाईंनी मला आणखी जोरात हाकललं.

वखारीच्या फाटकासमोर टांगा थांबला. रशिदा खाली उतरली नाही. ऊन चढलं, कललं, तरी ती टांग्याची कड घट्ट धरून बसून राहिली. लोक येऊन पाहून जात होते. मकसूद ओट्यावर मान खाली घालून बसला होता. त्यालाही कुणी कधी काही विचारलं नव्हतं. फकरुद्दीननं दोन हमाल पाठवून मला टांग्यातून सोडलं आणि आत नेऊन फाटकाजवळच्या खुंट्याला बांधलं.

मग तो गफूरभाईंजवळ आला. आवाज अगदी मऊ. "आता ती जातीय कुटं? दिवस मावळला की आपसूक उतरंल. एक रात हितं काढू द्या, गफूरभाई. मग कोर्टबी तिला विचारायचं न्हाई."

गफूरभाई दोन पावलं मागं सरले. दिलेला शब्द पाळायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हे नव्हतं.

रशिदानं सगळं ऐकलं होतं. "अब्बा, सात वर्षांची होते तेव्हा मला विचारलं नाहीत. आता तरी विचारा."

"बोल, बेटा."

"मला घरी यायचंय."

गफूरभाईंनी डोक्याचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला, टांग्याच्या दोन दांड्यांमध्ये शिरले आणि माझ्या जागी उभे राहिले. हमाल पुढे सरकले, पण रस्त्यावर गाव गोळा झालं होतं. फकरुद्दीननं हात करून त्यांना थांबवलं. चाकं हलली. चढावर गफूरभाईंचा दम कोंडला, तेव्हा रशिदा खाली उतरली आणि मागून टांगा रेटू लागली. वळणापर्यंत ती दोघं मला दिसत होती.

पुढचं मी हमालांच्या बोलण्यातून ऐकलं. खटला चालला. "मुलगी अठराच्या पुढची आहे," असं फकरुद्दीननं कोर्टात सांगितलं. मग डॉक्टरांनी तिचे दात तपासले, जन्माचा दाखला निघाला आणि निकाह मोडला. गफूरभाई मला न्यायला एकदा येऊन गेले. "शब्द मोडलास, आता घोडी इसर," एवढं बोलून फकरुद्दीननं फाटक लावून घेतलं.

आता मी इथं ओंडके ओढते. पाठ सोलवटलीय. गेल्या महिन्यात मकसूदशी निकाह लावून एक मुलगी घरात आणली. तिचं नाव लैला. चौदा पुरी आहे, असं सगळे सांगतात. सगळे सारख्याच शब्दांत सांगतात. अजून ती सासूजवळ झोपते. "जरा मोठी होऊ द्या," फकरुद्दीन म्हणतो, आणि या खेपेला त्यानं फार थांबायचं नाही असं ठरवलंय. मागची खोली झाडून, चुना लावून घेतलीय.

काल लैला गवताची पेंढी घेऊन आली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मोरणे, नको असलं तर कुणाला सांगायचं गं?"

मला ठाऊक आहे, पण माझं बोलणं तिला कळत नाही. तुम्हाला कळतंय. कुसगाववरून जाणं झालं, तर वखारीपाशी क्षणभर थांबा आणि त्या पोरीला सांगा. लवकर या. चुना वाळत आलाय.