उत्तर नाही

पाठवलेला कागद पुन्हा वाचायचा नाही, हा टायपिस्टबाईंचा जुना नियम. वाचला की चुका दिसतात, चुका दिसल्या की झोप उडते, आणि चूक तर तोवर ऑफिसात जाऊन बसलेली असते. त्या दिवशी नियम मोडला तो केवळ चहा फार गरम होता म्हणून. चहा निवेपर्यंत करायचं काय, म्हणून बाईंनी सकाळी धाडलेल्या बेचाळीस पानांची आपल्याकडची प्रत उचलली, आणि सतराव्या पानावर त्या अडल्या.

प्रश्न : झडप नीट बसत नाही, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?
उत्तर नाही.
प्रश्न : तीन वेळा? नक्की तीन?
उत्तर नाही.

गप्प बसलेल्या माणसाला ‘नक्की तीन?’ असं कोण विचारतं? बाईंनी ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायची गरज नव्हती. तो माणूस काहीतरी बोलला होता, चौकशी करणाऱ्या साहेबाने ते ऐकलं होतं, आणि ते फक्त बाईंना ऐकू आलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरची झडप उडाली आणि चादरींना इस्त्री करणाऱ्या एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. बॉयलरवाला सत्तावीस वर्षं तिथे नोकरीला. झडप बिघडली होती तर आधी सांगितलं का नाही, एवढाच प्रश्न होता. सांगितलं नसेल तर नोकरी जाणार आणि वर खटला होणार. एका साहेबाने त्याची चौकशी केली, ती रेकॉर्ड झाली, आणि साहेब बदली होऊन निघून गेला. निकाल देणारी समिती वेगळी. तिच्यासमोर माणूस बोलणार नव्हता, फक्त बाईंनी टाइप केलेले कागद बोलणार होते. समिती आज तीन वाजता बसणार होती. घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती.

रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्यांचा एक साधा रिवाज असतो. आवाज आला पण शब्द कळला नाही, तर ‘अस्पष्ट’ लिहायचं. आवाजच आला नाही, तर ‘उत्तर नाही’ लिहायचं. बाईंनी वीस वर्षं डोळे झाकून तसंच लिहिलं होतं. आता त्यांनी पानं उलटून मोजलं. ‘उत्तर नाही’ अकरा वेळा होतं.

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. साहेबाचा खणखणीत आवाज आला, “झडप नीट बसत नाही, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?” मग नुसतीच शांतता. मग “तीन वेळा?” बाई खुर्चीतून वाकल्या आणि आधी उजव्या स्पीकरला, मग डाव्या स्पीकरला कान लावला. डावा स्पीकर मुका होता. साधी खरखरसुद्धा नव्हती.

अशा चौकशीत दोन माइक असतात, एक विचारणाऱ्यासमोर, एक सांगणाऱ्यासमोर, आणि दोघांचे आवाज दोन बाजूंना जातात. बॉयलरवाला जिथे मोठ्याने बोलला, तिथे त्याचा आवाज साहेबाच्या माइकनेही पकडला होता, म्हणून बाईंना संशय आला नाही. जिथे तो हळू बोलला, तिथे बाईंनी त्याला मुकं करून टाकलं होतं.

त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ दुसऱ्या गावी रेडिओ-स्पीकर दुरुस्त करायचा. दिवसभर हातात सोल्डरिंगची तापलेली सळई आणि तुटलेल्या तारा जोडायला डाग देणं चालू, म्हणून घरात सगळे त्याला डागमास्तर म्हणत.

“ताई, आज सूर्य कुठे उगवला? कामाच्या वेळी फोन?”

“चेष्टा नको. माझा डावा स्पीकर बंद आहे.”

“मग उजव्यावर ऐक. एक कान तर एक कान.”

“अरे, एका माणसाची नोकरी जातेय!” बाई एवढ्या ओरडल्या की त्यांना स्वतःलाच दचकायला झालं. मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. डागमास्तर ऐकत राहिला, आणि पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली थट्टा पळाली होती.

“इअरफोन लाव.”

“नाहीत. कान पिकला तेव्हा डॉक्टरांनी बंद करायला सांगितले, मी भाचीला देऊन टाकले.”

“फाइल मला पाठव.”

“ती फक्त याच कॉम्प्युटरवर उघडते. ऑफिसचं कुलूप आहे तिला.”

“बरं. मग नीट ऐक. घोडं दोनच ठिकाणी अडलेलं असू शकतं. एक तर तुझं सामान बिघडलंय, नाहीतर त्या दिवशी त्याचा माइकच बंद होता आणि फाइलमध्येच काही नाही. आधी दुसरं काहीतरी वाजव. कुठलंही गाणं.”

बाईंनी गाणं लावलं. तबला आला, बासरी आलीच नाही.

“म्हणजे सामान बिघडलंय, हे नक्की,” डागमास्तर म्हणाला. “फाइलचं अजून माहीत नाही. दोन्हीही असू शकतं.”

बाईंच्या मनात तेव्हा जे आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना वाटलं, फाइलच रिकामी निघू दे. म्हणजे मी चुकले नाही. माइक लावणारा चुकला, मी काय करणार, ऐकू येईल ते लिहिलं. ऑफिसचं काम राहील, वीस वर्षांचं नाव राहील. बॉयलरवाला बुडेल, पण माझ्या हाताने नाही. एवढं सगळं एका क्षणात वाटून गेलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की कानशिलं तापली.

“पुढे सांग,” त्या म्हणाल्या.

“टेबलाखाली आवाज वाढवणारा डबा आहे ना? त्यातून स्पीकरच्या दोन वायरी निघतात. त्यांची अदलाबदल कर. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. मग ऐक.”

फोन कान आणि खांद्यात धरून बाई टेबलाखाली गुडघ्यांवर बसल्या. धूळ, जुना पेन, एक हरवलेली टाचणी जी त्यांना गुडघ्यानेच सापडली. “आई गं!” वायरी उपटल्या, उलट्या बसवल्या. आता डावा स्पीकर बोलू लागला आणि उजवा मुका झाला.

“झकास! स्पीकर दोन्ही जिवंत आहेत,” डागमास्तर म्हणाला. “दुखणं त्यांच्या मागे आहे. डब्यात, नाहीतर डब्यातून कॉम्प्युटरला जाते त्या वायरीत. डब्यात असेल तर ताई, मी इथून काही करू शकत नाही. आता वायरी होत्या तशा कर, आणि कॉम्प्युटरच्या मागे जी हिरवी पिन आहे ती गाणं चालू ठेवून हळूहळू फिरव.”

कॉम्प्युटर भिंतीला चिकटला होता. हे काम हाती घेण्याआधी टेबल पुसताना बाईंनीच तो मागे रेटला होता, ओल्या फडक्याने, कोपरा न कोपरा, कारण टापटिपीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता तो पुढे ओढला तर हिरवी पिन भिंतीशी दाबली जाऊन मानेतच वाकलेली. त्यांनी ती फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. काही नाही. मग पिनेजवळची वायर अंगठ्याने वर दुमडली, आणि डाव्या स्पीकरमधून बासरी आली. अंगठा सोडला, बासरी गेली.

“पिनेच्या आतली तार तुटलीय,” डागमास्तर म्हणाला. “मी असतो तर दोन मिनिटांत डाग दिला असता. तू आता ती दाबून धर. सोडू नकोस. आणि फाइल लाव.”

एक पंचवीस. बाईंनी डावा हात कॉम्प्युटरच्या मागे घालून वायर दाबली, उजव्या हाताने रेकॉर्डिंगमध्ये सतराव्या पानाची जागा शोधली. बोट बटणावर ठेवलं आणि दाबवेना. आत काही नसलंच तर?

“ताई?”

त्यांनी बटण दाबलं.

“झडप नीट बसत नाही, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

“सुपरवायझर साहेबांना,” डावा स्पीकर म्हणाला. आवाज खालचा, जरा घोगरा होता, पण शब्द न शब्द स्वच्छ. “तीन वेळा सांगितलं.”

“तीन वेळा? नक्की तीन?”

“नक्की. पगाराच्या दिवशी, मग पुढच्या सोमवारी, मग आदल्या दिवशी संध्याकाळी.”

“लेखी का दिलं नाही?”

“मला लिहिता येत नाही साहेब. सही तेवढी येते. मी त्यांनाच म्हटलं, तुम्ही लिहून घ्या. ते म्हणाले, बघतो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

मग सुरू झालं एका हाताचं टायपिंग. दहा बोटांनी धावणाऱ्या बाई आता पाच बोटांनी रांगत होत्या. डावा दंड बधिर झाला, अंगठ्यात मुंग्या आल्या, आणि जरा हलला की बॉयलरवाला मध्येच तुटायचा. मग मागे जायचं, वायर पुन्हा दाबायची, पुन्हा ऐकायचं. भाजलेल्या बाईबद्दल विचारलं तिथे तो सगळ्यात हळू बोलला होता. “ती ओरडली तेव्हा मी वाफ बंद करायला धावलो. आधी तिच्याकडे धावायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही.” हेही बाईंनी ‘उत्तर नाही’ केलं होतं.

अकरापैकी नऊ जागा टाइप झाल्या. उरलेल्या दोन पेनाने लिहिल्या आणि दोन पस्तीसला बाईंनी स्कूटर काढली. केस विस्कटलेले, गुडघ्याला रक्त, पाठीवरच्या पिशवीत कॉम्प्युटर. चहा तसाच राहिला.

ऑफिसात हेडक्लार्कने कागद बघून कपाळाला हात लावला. “बाई, त्याच्या सहीची प्रत आत गेलीय. सकाळी वाचून दाखवली, त्याने मुकाट सही केली.”

“सही केली?”

“केली. आता दुरुस्ती द्यायची तर हा फॉर्म, आणि त्यात कारण लागतं.” मग त्याने आवाज खाली आणला. बाईंशी त्याची वीस वर्षांची ओळख होती आणि माणूस वाईट नव्हता. “‘मूळ रेकॉर्डिंग सदोष’ असं टाका. सगळे तेच टाकतात. तुमच्यावर काही येणार नाही.”

बाईंनी पेन टेकवलं. ‘मूळ’ एवढं लिहिलंसुद्धा. मग हात थांबला. रेकॉर्डिंग सदोष ठरलं, तर उद्या सुपरवायझर म्हणेल, सदोष रेकॉर्डिंगमधल्या उत्तरांना काय किंमत? आपण वाचू आणि त्याची उत्तरं पुन्हा मरतील. त्यांनी ‘मूळ’वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘रेकॉर्डिंग ठीक आहे. माझा स्पीकर बंद होता. मला कळलं नाही. चूक माझी.’

“तुम्ही म्हणजे ना बाई...” हेडक्लार्क पुटपुटला, पण फॉर्म घेऊन आत गेला.

तीन वाजून पाच मिनिटांनी बाईंना आत बोलावलं. टेबलामागे तिघं. मधल्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. एका बाजूला सुपरवायझर फोन चाळत बसलेला. कोपऱ्यात, भिंतीशी, हात मांडीवर ठेवून एक बुटका म्हातारा. त्याला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, पण तो कोण हे विचारावं लागलं नाही.

“अकरा ठिकाणी तुम्ही लिहिलंत, उत्तर नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “त्या अकरा जागांवर आम्ही निकाल बेतणार होतो. हे कळतंय तुम्हाला?”

“कळतंय.”

“आणि यानंतर इथलं काम तुमच्याकडे येणार नाही, हेही कळतंय?”

“हो. पण आधी ऐका.”

त्यांनी कॉम्प्युटर समितीच्या खोलीतल्या स्पीकरला जोडला. इथली वायर धड होती, कुणाला दाबून धरावी लागली नाही. सतरावं पान वाजलं. “सुपरवायझर साहेबांना. तीन वेळा सांगितलं.” सुपरवायझरने फोन खिशात घातला. “ते म्हणाले, बघतो,” इथवर आलं तेव्हा तो टेबलाकडे बघत होता. समितीने अकराच्या अकरा जागा ऐकल्या. मग तिघांनी डोकी जवळ आणली, आणि अध्यक्षबाईंनी सांगितलं की आज निकाल नाही. आजचे कागद रद्द, ही उत्तरं नोंदीत घ्या. पुढच्या बैठकीत सुपरवायझरची चौकशी होईल.

सगळे पांगले. बाहेरच्या बाकावर बॉयलरवाला चपलेचा पट्टा नीट करत बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागायची म्हणून वाटेत जे जे जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

“काका, माझ्यामुळे झालं सगळं,” त्या म्हणाल्या. “पण सकाळी वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही का नाही बोललात? तुम्ही उत्तरं दिली होती. सही कशी केलीत?”

त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“छापलेलं होतं ना, बाई,” तो म्हणाला. “मला वाटलं, मी नुसतं मनात बोललो असेन.”