मागच्या दारावरची आग

वहिनीने टेपची पट्टी दाताने तोडली आणि व्हॅनच्या मागच्या दाराच्या कडेने अंगठ्याच्या नखाने दाबत दाबत खालपर्यंत नेली. काचा, बिजागऱ्या, नंबरची पाटी, सगळं कागदाने झाकून झालं होतं. उरलं होतं ते दोन्ही दारांचं क्रीम रंगाचं अंग, पॉलिश पेपरने घासून चमक उतरवलेलं. तिने त्यावरून तळवा फिरवला. कुठे खडा नाही, कुठे तेलाचा डाग नाही. या कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

"झालं रे," ती म्हणाली. "ये आता."

तिचा धाकटा दीर कोपऱ्यात रंगाच्या वाट्या मांडत बसला होता. सगळे त्याला बारक्या म्हणत, आणि तो चांगला सहा फूट वाढला तरी कोणी ते बदललं नव्हतं. वाट्या मांडून झाल्या होत्या, तरी मांडतच होता.

व्हॅन बेकरीवाल्याची. पंचवीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. आग कशी असते ते मला शिकवू नका, म्हणाला होता. ती फॅशनची वेलबुट्टी नको, खरी आग पाहिजे. मागून येणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला पाहिजे. आणि गाडीचा रंग मात्र बदलायचा नाही. तो बायकोने निवडला होता, आणि बायकोपुढे आमची भट्टीसुद्धा थंड, असं तोच हसत म्हणाला.

बारक्याने नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर वहिनी हो म्हणून मोकळी झाली. एके काळी त्याच्या ज्वाळा बघायला लोक वाट वाकडी करून येत. पण गेली तीन वर्षं तो वाघ रंगवत होता, गरुड, समुद्राच्या लाटा, दुकानांची नावं. आगीचं काम आलं की त्याचं मनगट दुखायला लागायचं. वहिनीला कारण माहीत होतं, आणि म्हणूनच आता पुरे झालं असं तिला वाटत होतं. नवरा तिचा गेला होता. तरी ती रोज गॅस पेटवत होतीच ना?

नवरा गेला तो जुन्या शेडमध्ये, भर दुपारी. जेवून चटईवर आडवा झाला होता. थिनरचा डबा लवंडला असावा, पंख्याच्या वायरीची ठिणगी पडली असावी. असावा-असावीच्या पुढे कोणाला काही सांगता आलं नाही. बारक्या टेप आणायला बाहेर गेला होता. परत आला तेव्हा छप्पर खाली बसलेलं होतं. हे त्याने तिला, नातेवाइकांना आणि पोलिसांना एकसारख्याच शब्दांत सांगितलं. दादा झोपेतच गेला असणार, धुराने. त्याला कळलंही नसेल.

हे 'कळलंही नसेल' वहिनीने घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्याच जोरावर ती सकाळी उठायची, नवी शेड उघडायची, दोन घास खायची. दुसरं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं, मूलबाळ नाही, माहेर नाही. होता तो हा दीर. लग्न होऊन ती आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि तिच्या हातचं जेवल्याशिवाय झोपत नसे.

कॉम्प्रेसर घरघरू लागला. बारक्याने एअरब्रश उचलला, हाताच्या पाठीवर एक फवारा मारून पाहिला आणि दारापुढे उभा राहिला.

काळ्या गाडीवर आग काढणं सोपं. काळोख आयता मिळतो, त्यावर पिवळा-नारिंगी टाकला की पेटलीच. फिक्या गाडीवर सगळं उलटं. पिवळा रंग क्रीमवर दिसतच नाही. आधी धूर काढायचा, पातळ तपकिरी, एकावर एक, आणि जिथे आग सर्वांत उजळ तिथे गाडीचा रंग तसाच राखून ठेवायचा. मग त्याच्या कडेने पिवळा, नारिंगी, लाल, पाण्यासारखे पातळ हात देत जायचं. एकदा धूर पडला की उजेड परत आणता येत नाही. दादा धाकट्याला हेच सांगून सांगून थकला होता. पुढे धाकटा त्याच्यावर ताण करून गेला, याचा दादालाच जास्त अभिमान.

वहिनी वाट्या भरून देत होती, एअरब्रशच्या सुया पुसून देत होती. तासाभराने तिच्या लक्षात आलं की आज त्याने भिंतीवर एकही फोटो चिकटवला नाही. वाघ काढताना चार-चार फोटो लागायचे त्याला. आज तो कुठेही बघत नव्हता, चुकतही नव्हता. हात आपले चालले होते. तिला बरं वाटलं. सुटला एकदाचा, असं ती मनात म्हणाली.

दुपार कलली तेव्हा दार पेटलं होतं. वरच्या भागात काजळी लोळत होती, तिच्यातून मळकट नारिंगी जिभा बाहेर पडून छताकडे वळत होत्या. वहिनी दोन पावलं मागे सरकली.  पण दारांचा खालचा भाग तसाच कोरा होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"खालचं राहिलं की."

"राहिलं नाही," तो दाराकडे बघतच म्हणाला. "तिथे नसतेच ती. आग दारातून बाहेर पडते ती वरच्या अंगाने, चौकटीला घासून. खालून वारा आत ओढला जातो. हात-दीड हात मोकळं राहतं. खाली वाकलं की आतलं सगळं स्वच्छ दिसतं, पार चटईच्या कडेपर्यंत."

आणि तो थांबला. एअरब्रश तसाच हवेत राहिला.

"चटई?" वहिनी म्हणाली.

 तिने जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"किती वेळ राहतं मोकळं?"

"चार मिनिटं." त्याने सुई काढून फडक्याने पुसायला घेतली. ती स्वच्छच होती. "पाच असतील."

"म्हणजे छप्पर नंतर बसलं."

"नंतर."

वहिनी उलट्या बादलीवर बसली. पुढचं विचारू नये हे तिला कळत होतं.

"झोपेत होता?"

"नाही."

"मग?"

"पायावर मांडणी पडली होती. पालथा होता. मला बघितलं त्याने." तो फडक्याची घडी घालत होता, उलगडून परत घालत होता. "ओढ मला, म्हणाला. दोनदा म्हणाला."

"आणि तू?"

"मी उभा होतो, वहिनी. टेप हातात होती. पाय उचललेच नाहीत."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनीला दिराचा राग आला, इतका की तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पण रागापेक्षा वाईट ते दुसरंच होतं. नवरा जागा होता. त्याला सगळं कळलं होतं, शेवटपर्यंत, आणि तीन वर्षं ती सुखाने म्हणत आली होती की कळलंही नसेल. तिने दिराकडे पाहिलं. तो रडत नव्हता. रडला असता तर तिने त्याला मारलं असतं.

त्याने तपकिरी रंगाची वाटी उचलली.

"हे खालचं बुजवून टाकतो. धुराने भरतो."

"हात लावू नकोस."

"वहिनी..."

"बाजूला हो."

क्लिअर मारायचं काम एरवी त्याचं. वरून तो काचेसारखा थर चढला की खालचं चित्र पुसता येत नाही, पत्र्यापर्यंत घासावं लागतं. तिने डबा फोडला, हार्डनर मोजून घातला, तोंडाला मास्क बांधला आणि फवाऱ्याची मोठी गन घेतली. तीन हात दिले, मध्ये वाळायला वेळ देऊन. खालच्या कोऱ्या पट्टीवर तर जरा जास्तच. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. तिने त्याला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. जेवणाचा डबा तिने एकच आणला होता, स्वतःचा.

दहाच्या सुमाराला बेकरीवाला आला. दहा पावलं मागे जाऊन त्याने दार पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं, मग परत मागे गेला.

"भट्टीचं तोंड उघडलं की हेच असतं बघा," तो म्हणाला. "अगदी हेच. कुठून शिकलात?"

बारक्या कॉम्प्रेसरची नळी गुंडाळत होता. बेकरीवाला उकिडवा बसला आणि खालच्या क्रीम पट्टीवरून त्याने बोट फिरवलं.

"एवढंच कोरं का ठेवलंत? घाईत राहिलं?"

"घाईत नाही," वहिनी म्हणाली. "तिथून माणूस आत जाऊ शकतो."

बेकरीवाला हसला. मग त्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, उठून उभा राहिला आणि गाडीची किल्ली मागितली.