मालकांची माफी

इंटरवलबाईला मारामारीचे सिनेमे म्हणजे जीव की प्राण. रडके कौटुंबिक सिनेमे ती बघायची नाही. "ते घरी फुकट मिळतं," म्हणायची. नवा सिनेमा लागला की पहिल्याच दुपारी पुढच्या रांगेत मान वर करून बसायची आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर चादरी दाबता दाबता सगळा सिनेमा ऐकवायची. गोष्ट बरोबर मध्यावर आणून ठेवायची आणि चहा झाल्याशिवाय पुढे सरकायची नाही, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं.

"कालचा हिरो गच्चीवरून पडला," ती सांगायची, "उठला आणि आधी केस सारखे केले. अरे बाबा, मणका बघ आधी! आणि त्या गुंडांना पगार कोण देतं? एकेक जण रांगेत उभा राहून मार खातोय, जसा काही दाढीला नंबर लावलाय. खलनायक मात्र बरा होता. त्याला निदान धाप लागत होती. ज्याला धाप लागत नाही, त्याची मारामारी मी मारामारी धरतच नाही."

शेजारच्या मशीनवर फाटक्या चादरी शिवणारी रफूवाली हसून हसून सुई टोचून घ्यायची. एकदा तिने हे बोलणं फोनवर चित्रित करून लोकांपुढे टाकलं. लोकांना ते भलतंच आवडलं. वाफेच्या ढगात उभी असलेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेली ही बाई मोठमोठ्या हिरोंची बिनपाण्याने करते, हे बघायला लोक दर आठवड्याला वाट पाहू लागले.

मग 'मालकां'चा सिनेमा आला.

मालक म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा हिरो. त्याचे चाहते त्याला नावाने हाक मारत नसत. 'मालक' म्हणत, आणि दुसऱ्या कुणी नावाने हाक मारली तर अंगावर धावून जात. इंटरवलबाईचा जावई त्यातलाच. टायरच्या दुकानात कामाला, दंड मांडीएवढे, आणि मालकांच्या चाहत्यांच्या मंडळाचा पुढारी. लग्न झाल्यापासून सासू-जावयाचं बोलणं "जेवलात का" आणि "तब्येत कशी" यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

सिनेमा बघून आली ती इंटरवलबाई धुमसतच. प्रेसचं झाकण तिने असं आदळलं की रफूवालीने न सांगताच फोन समोर धरला.

"मारामारी चांगली आहे, नाही कशाला म्हणू?" ती म्हणाली. "पण मध्येच हा बायकोच्या कानफटात ठेवून देतो. का, तर चहा गार झाला. थिएटरात शिट्ट्या! आणि पुढच्या सीनमध्ये तीच बाई त्याच्या गळ्यात पडून गाणं म्हणते. कुणी लिहिलं हो हे? मार खाल्लेली बाई गाणं म्हणत नाही. ती पुढचा हात कुठून येतोय ते बघत असते. मालक म्हणे! कसला मालक? बायकोवर हात उचलणारा तो भेकड. माझ्याकडून शून्य."

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा स्वतःचा नवरा असाच होता. तो गेला तेव्हा तिने रडून घेतलं होतं, पण त्या रात्रीसारखी गाढ झोप तिला त्याआधी कधी लागली नव्हती.

ते बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. शिव्यांचा पाऊस पडला, कौतुकही झालं. इंटरवलबाई दोन्हींना हसली. पण सुट्टीच्या दिवशी लेक आली नाही. फोन केला तर "डोकं दुखतंय" म्हणाली आणि ठेवून दिला. आई ती आईच. चप्पल घातली आणि सरळ लेकीच्या घरी गेली.

दार लेकीनेच उघडलं. ओठ फाटून सुजलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

"पडले," लेक म्हणाली.

"कुणावर?"

लेकीने मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आई, तुला काय गरज होती गं? दुकानातले त्याला चिडवतात. तुझ्या सासूने तुझ्या मालकाला भेकड केलं म्हणतात. त्यांच्यावर त्याचं काही चालत नाही, मग…"

पुढचं बोलायची गरज नव्हती. इंटरवलबाईला कळून चुकलं. आपण प्रेसपाशी उभं राहून टाळ्या घेत होतो आणि त्या टाळ्यांची किंमत इथे पोरगी मोजत होती.

आतून जावई आला. अंघोळ करून, केस विंचरून, अगदी शांत. "या आई, बसा. माझं काही म्हणणं नाही. फक्त माफी मागा. मी चित्रित करतो. मालकांची माफी मागितली की विषय संपला."

"संपला म्हणजे संपला ना?"

"शब्द देतो."

ती खुर्चीत बसली. लेकीसाठी तिने आजवर बरंच काही गिळलं होतं, त्यात आणखी एक घास. जावयाने फोन धरला. "मी मालकांबद्दल जे बोलले," तिने सुरुवात केली, "ते मी बोलायला नको होतं…"

उजेड नीट यावा म्हणून जावयाने फोनचा हात जरा वर उचलला. एवढंच. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या लेकीने झटकन मान खांद्यात घातली आणि डोळे मिटून घेतले.

इंटरवलबाई थांबली. मग फोनकडे सरळ बघत म्हणाली, "…कारण मी चुकले. सिनेमा खोटा आहे असं मी म्हणाले होते. तो खरा आहे. तसली माणसं असतात. एक इथे माझ्यासमोर फोन धरून उभा आहे. त्याने माझ्या मुलीचा ओठ फोडलाय."

फोन भिंतीवर आदळला. पुढच्या क्षणी तिचे केस जावयाच्या मुठीत होते आणि ती खुर्चीसकट जमिनीवर. त्याने तिला फरफटत दारापर्यंत नेलं. लेक मध्ये पडली, तिच्या छातीत कोपर बसलं आणि ती भिंतीला जाऊन धडकली. "थेरडे, पुन्हा इथे दिसलीस तर हिला खांद्यावरून न्यावं लागेल तुला!" दार बंद झालं. आतून कडी लागली. मग आवाज यायला लागले. दणका, किंकाळी, पुन्हा दणका. इंटरवलबाईने दार बडवलं, लाथा घातल्या, हाताची साल निघाली. जिन्यात शेजारी जमले. एकाने हळूच तिला म्हटलं, "जाऊ द्या आई, नवरा-बायकोचं आहे." तिने त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणावर तरी हात उचलला होता.

पोलीस आले. लेकीने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "मी पडले." पोलीस गेले.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत इंटरवलबाई नुसत्या चादरी दाबत होती. रफूवालीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. दुपारी मागचं दार धाडकन उघडलं आणि लेक आत शिरली. अनवाणी, एक हात छातीशी धरलेला, तोंडातून रक्ताची लाळ.

"आई, तो येतोय."

तो आलाच. हातात टॉमी, टायर उचकटायची ती लोखंडी पहार. दारातल्या हातगाडीला त्याने लाथ घातली, धुतलेल्या चादरी चिखलात लोळल्या. लाँड्रीचा बॉयलर सांभाळणारा बॉयलरवाला आडवा आला. टॉमी त्याच्या खांद्यावर बसली, काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि तो भला दांडगा माणूस लहान मुलासारखा विव्हळत खाली बसला. बायका किंचाळत कपाटांमागे पळाल्या.

"ये बाहेर!" जावई ओरडला. "माझी इज्जत काढता काय दोघी मिळून?"

इंटरवलबाई लेकीला पाठीशी घालून उभी राहिली. तिने इतक्या मारामाऱ्या पाहिल्या होत्या, की आपल्याला काहीतरी सुचेल असं तिला वाटलं होतं. काही सुचलं नाही. टॉमी येताना दिसलीसुद्धा नाही. जबड्यात आधी काही वाटलं नाही, मग डोक्यात पांढरा जाळ उठला, आणि ती प्रेसच्या पायाशी पडली तेव्हा तिच्या जिभेवर स्वतःचे दात होते.

जावयाने लेकीची मान धरली आणि तिला प्रेसवर वाकवलं. खाली गादीचा पाट, वर तापलेलं लोखंडी झाकण. "तुझं थोबाडच इस्त्री करतो," तो म्हणाला आणि टॉमी टाकून मोकळ्या हाताने झाकण ओढू लागला. झाकण हलेना. ते पायाच्या पेडलने खाली येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

लेकीने मान वळवली आणि त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तो ओरडला, पकड सुटली, ती सरपटत बाजूला झाली. तोल सावरायला त्याने दुसरा हात गादीवर टेकला.

इंटरवलबाई खाली पडलेली होती. पेडल तिच्या टाचेपाशी होतं. तिने ते दाबलं.

झाकण खाली आलं. वाफेचा फुत्कार झाला आणि त्यातून माणसाचा असा आवाज निघाला, जो तिने कुठल्याही थिएटरात ऐकला नव्हता. तो गुडघ्यांवर आला, पण हात वर अडकलेला. चामडं जळल्याचा वास सुटला. "सोडा! बाई, पाय काढा!" बॉयलरवाला ओरडत होता. तिने पाय काढला नाही. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता, मालकांचा दिसत होता, जिन्यातल्या शेजाऱ्याचा दिसत होता. ती सगळं अंग टाचेवर टाकून दाबत राहिली. शेवटी बॉयलरवाल्याने धड हाताने तिचा पाय ओढून काढला.

जावयाची बोटं वाचली नाहीत. तिचा जबडा डॉक्टरांनी तारेने बांधला, आणि डाव्या बाजूचे दात गेले ते गेले.

कपाटामागून कुणीतरी हे चित्रित केलं होतं. दवाखान्यातल्या खाटेवर लेकीने तिला ते दाखवलं. त्याला ढोल लावले होते. जावयाच्या आरडाओरड्याच्या जागी मालकांच्याच सिनेमातलं दणदणीत संगीत होतं. झाकण पडतं तिथे चित्र थांबत होतं; पुढचं कापलं होतं. खाली लोकांनी आपापली मतं दिली होती. "शेवट एक नंबर." "सुरुवात थोडी संथ आहे." "म्हातारीने पैसे वसूल केले." "अजून जवळून दाखवायला हवं होतं."

इंटरवलबाईने फोन उलटा ठेवला आणि तारेच्या आतून म्हणाली, "बंद कर."

काही दिवसांनी पोलीसबाई जबाब घ्यायला आली. समंजस बाई होती. "झटापटीत तुमचा पाय चुकून पेडलवर पडला, असंच ना?" तिने विचारलं. वाक्य आयतंच तयार होतं. फक्त मान हलवायची होती.

"पडला नाही," इंटरवलबाई दातांच्या फटीतून म्हणाली. "ठेवला. तो ओरडत होता तरी ठेवला. सोडा म्हणत होते, मला ऐकू येत होतं."

पोलीसबाईने लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

त्यामुळे खटले दोन झाले. जावयाला तुरुंग झाला. बायकोचा मोडलेला हात, सासूचा जबडा आणि बॉयलरवाल्याचा खांदा, तिन्ही त्याच्या अंगावर लागले. इंटरवलबाईलाही न्यायाधीशांनी दोषी धरलं. परिस्थिती बघून शिक्षा स्थगित ठेवली, पण दर महिन्याला चौकीवर हजेरी लावायला सांगितली. लाँड्रीच्या मालकिणीने तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. प्रेसपाशी जायला तिचा पाय उचलत नव्हता.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना लेक अजून धुसफुसत होती. "चुकून म्हणाली असतीस तर सुटली असतीस. कुणाला कळणार होतं?"

"तू तिथे होतीस."

लेक पायरीवरच थांबली. लोक दोन्ही बाजूंनी उतरत होते, कुणाचा तरी खांदा तिला लागला तरी ती हलली नाही.

"होते," ती म्हणाली. "मी तुझ्या शेजारीच होते. बॉयलरवाले काकांच्या आधी मी तुझा पाय काढू शकले असते." तिने ओठ दाबून धरला. "मी मोजत होते, आई. त्याने मला जितक्या वेळा मारलं ना, तितकं."

इंटरवलबाईने लेकीचा प्लास्टर निघूनही बारीकच राहिलेला हात आपल्या हातात घेतला आणि दोघी गर्दीबरोबर हळूहळू रस्त्यापर्यंत उतरल्या.