सिस्टीममध्ये सोय नाही

माझ्या ताईला इस्पितळाने तिच्याच हातून घरी बसवलं आणि वर तिचे आभार मानले.

आभार मानले ते कॉम्प्युटरने. ताईला लहानपणापासून दिसत नाही. ती इस्पितळाची टेलिफोन ऑपरेटर आणि मी तिथेच वरच्या मजल्यावर लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. पडद्यावरचं सगळं तिला एक आवाज वाचून दाखवतो. बातमी असो नाहीतर शिवी, त्याचा सूर एकच. त्या दिवशी त्याच सुरात तो म्हणाला, "स्वेच्छानिवृत्ती. आपली निवड नोंदवली आहे. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आम्ही आभारी आहोत." ताईला वाटलं, तो चुकून दुसऱ्याच कोणाचं पान वाचतोय.

झालं होतं असं. इस्पितळ नव्या इमारतीत जाणार, तेव्हा पुढे काय करणार ते प्रत्येकाने नव्या पोर्टलवर भरायचं होतं. यादीत पहिलं स्वेच्छानिवृत्ती, मग दुसऱ्या विभागात बदली, मग आहे तेच काम. मी माउसने थेट शेवटच्या ओळीवर टिचकी मारली आणि कँटीनला गेले. ताई माउस वापरत नाही. पडद्यावरचा बाण दिसतच नाही तर हलवायचा कुठे? ती की-बोर्डवरचं खाली जायचं बटण दाबत एकेक ओळ ऐकते. तिने ते एकदा दाबलं, पहिली ओळ आली, आणि पोर्टलने तीच पक्की धरून कुलूप घातलं. पुढच्या ओळी तिला ऐकूच आल्या नाहीत.

नोकरी गेली म्हणून ताई उपाशी राहणार नव्हती, मी आहे की. पण सगळ्या वॉर्डांचे नंबर तिच्या बोटांत आहेत. पलीकडचा माणूस नुसता "हॅलो" म्हणाला तरी तो घाबरलाय की कंटाळलाय ते तिला कळतं आणि त्याप्रमाणे ती आवाज बदलते. ते सोडून ही घरी बसून करणार काय? माझे डबे भरणार?

मी कर्मचारी कक्षातल्या बाईंकडे गेले. त्यांनी नखांवरून नजर काढली नाही.

"एकदा भरलं की बदलता येत नाही हो. सिस्टीममध्ये सोय नाही."

"पण तिने ते निवडलंच नव्हतं."

"पोर्टल तर म्हणतंय निवडलं. आणि दिसत नाही तर आम्हाला सांगायचं ना, आम्ही भरून दिलं असतं."

आयुष्यभर स्वतःची सही स्वतः करणारी ताई आता हिच्याकडे अर्ज भरून घ्यायला येणार होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी मूग गिळले, कारण अडला हरी मीच होते.

खूप खेटे घातल्यावर बैठक लागली. प्रशासक साहेबांची खोली, गुळगुळीत टेबल, बिस्किटं. एका बाजूला बाई, दुसरीकडे ते पोर्टल बनवणारा तरुण इंजिनियर, आणि मध्ये टेबलावर फोनचा स्पीकर, कारण वकील साहेबांना यायला सवड नव्हती. फोन अर्थातच खालून ताईने जोडून दिला. "बोला, जोडते," एवढंच म्हणून ती लाइनवरून बाजूला झाली. जिच्या नोकरीचा निकाल लावायचा तिच्याच हातून फोन लावून घ्यायचा, याची तिथे कोणाला काही लाज वाटली नाही.

मग वकिलांनी शब्दांचा कीस पाडायला घेतला. वेबसाइट अंधांना वापरता आली पाहिजे असा कायदा आहे, हे खरं. पण तो जनतेसाठीच्या वेबसाइटला. हे पडलं कर्मचाऱ्यांचं पोर्टल. कर्मचारी म्हणजे जनता का? बाई म्हणाल्या, तसं पाहिलं तर नाही. साहेब म्हणाले, कामावर नसताना असेलही. यावर दोघं हसली. इंजिनियर म्हणाला, "आपण तर बिल्लाही लावलाय सर, 'सर्वांसाठी सुलभ'." तो बिल्ला मला माहीत होता. निळा, गोल, पानाच्या कोपऱ्यात. ताईचा कॉम्प्युटर त्याला नुसतं "चित्र" म्हणतो.

मला शिसारी आली. रोज लोकांची थुंकी आणि लघवी हाताळते मी, त्याची कधी नाही आली.

"बंधन आहे की नाही ते नंतर ठरवा," मी म्हटलं. "तिची नोकरी परत द्या."

साहेब समजूत घालायच्या सुरात बोलले, "हे बघा, दुःख मलाही आहे. पण अर्ज सोपा होता. लक्ष देऊन भरायला हवा होता. माझा अजून राहिलाय, थांबा, तुमच्यासमोरच भरतो." त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि माउसकडे हात नेला.

मी माउस उचलून मांडीवर ठेवला. "ताईला हा नसतो. बटणांनी भरा."

"त्यात काय?" म्हणत साहेबांनी खाली जायचं बटण दाबलं.

पडदा बदलला. साहेब वाचत राहिले. बाईंनी मान लांब करून वाचलं आणि हसू दाबायला बिस्किट तोंडात घातलं. इस्पितळ साहेबांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभारी होतं.

"अरे, हे काय? मी अजून निवडलंच नाही!"

इंजिनियर चाचरत म्हणाला, "सर, निवड जरा हलली की स्क्रिप्ट लगेच सेव्ह करते. माउसने काही होत नाही, पण बटणांनी जाताना पहिल्याच ओळीवर... वेगळं 'जमा करा' बटण नको, लोक घोळ घालत बसतात, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ते राहू दे. हे काढ आधी!"

इंजिनियरने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, काहीतरी उघडलं, काहीतरी टाइप केलं. तेवढ्यात चहा आला. साहेबांनी कप उचलून पहिला घोट घेतला आणि तो घशाखाली उतरायच्या आत त्यांची नोकरी परत आली. कोणाला नवल वाटलं नाही.

मला वाटलं. "आता ताईचं," मी म्हटलं.

इंजिनियरची बोटं खरंच परत बटणांकडे गेली, तेवढं श्रेय त्याला देते. पण स्पीकर खाकरला. "थांबा. साहेबांची ती साधी चूक झाली. ऑपरेटर बाईंचं बदललं तर पोर्टलमध्ये दोष होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. मग उद्या रांग लागेल."

इंजिनियरने हात मांडीवर घेतले. साहेब कपात बघत म्हणाले, "निरोप समारंभ आपण चांगला करू. मोठा." बाईंनी लगेच फुलांचं सुचवलं.

मी माउस टेबलावर आपटला आणि खाली आले. जिन्यात कठड्याला हात लावायचीसुद्धा किळस वाटत होती, त्या लोकांचा हात लागला असेल म्हणून.

ताईची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. कानाला हेडफोन, समोर बटणांचा फलक. मी सगळं सांगितलं, फुलांसकट. तिने एवढंच विचारलं, "साहेबांचं परत करायला त्याला वेळ किती लागला गं?"

"एक घोट चहाचा."

"म्हणजे होतं तर," ती म्हणाली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

फलक वाजला. साहेबांची लाइन. ताईने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"ऑपरेटर, वकील साहेबांना परत जोडा. एक मुद्दा राहिला."

"जोडता येत नाही, साहेब."

"का? आत्ता तर लागला होता!"

"सिस्टीममध्ये सोय नाही."

साहेबांचा आवाज चढला, "चेष्टा लावलीय का? बटण तर तुमच्या हाताखाली आहे!"

"हो, माझ्याच हाताखाली आहे," ताई म्हणाली. "तुमच्याही होतं."

तिने लाइन बंद केली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने झटकला, कारण दुसरी लाइन वाजायला लागली होती. कोणीतरी बाई होती, धापा टाकत, प्रसूती वॉर्ड विचारत होती.

"घाबरू नका हं," ताई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "बोला, जोडते."